चित्रकाराच्या बायकोची धून

जिना इतका अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावंच लागे. ती वरून येत होती, पाठीवर चेलोची माणसाएवढी पेटी. खालून तो, दोन्ही हातांत भलंमोठं चित्र आडवं धरून. त्याचं नुसतं कपाळ दिसत होतं.

"अहो कपाळ, मागे व्हा!"

"मागे झालो तर गडगडत जाईन..."

"मग या पेटीला विचारा, वर जाते का."

चित्रावरून दोन डोळे उगवले. "बाईसाहेब," तो अगदी अदबीने पेटीलाच म्हणाला, "जरा वाट देता का?"

ती खुदकन हसली आणि हसता हसता चार पायऱ्या वर चढलीसुद्धा.

तो नवा संगीतकार होता. तिचा मामा कंडक्टर – बसचा नव्हे, वाद्यवृंदाचा – आणि याची पहिलीच मोठी रचना मामाने हौसेने बसवायला घेतली होती. विषय काय, तर एका रशियन चित्रकाराचं आयुष्य. भरला संसार उचलून तो चित्रकार डोंगराडोंगरांतून हिंडला, बर्फात ध्यान लावून बसला, आणि डोळे मिटल्यावर जे दिसलं ते त्याने रंगवलं. जिन्यातलं चित्र त्याच्याच एका चित्राची प्रत होती. निळ्यावर निळे डोंगर, आणि पायथ्याशी तिळाएवढा माणूस.

"वाजवताना याच्याकडे बघा," तालमीत तो सगळ्या वादकांना म्हणाला.

ती मात्र चित्राऐवजी त्याच्याकडेच बघत बसली. पण दोष तिचा नव्हता, त्या सुरांचा होता! व्हायोलिनं अशी हलकेच सुरू व्हायची, की बर्फ पडतोय पण आवाज नाही. मग खोल दरीतून यावी तशी एक घंटा... तिच्या अंगावर दर वेळी काटा यायचा. एवढ्याशा माणसाच्या डोक्यात एवढं आभाळ मावतं कसं?

तालमीनंतर दोघं खिडकीशी कॉफी घेऊन उभी राहायची. बाहेर भुरभुर पाऊस. तो चित्रकाराबद्दल बोलायला लागला की त्याची कॉफी थंडगार व्हायची.

"वरच्या खिंडीत रंग गोठायचे," एकदा तो म्हणाला. "मग त्याची बायको रंगांच्या नळ्या रात्रभर पोटाशी धरून झोपायची. सकाळी तो चित्र काढायचा."

"आणि ती कुठंय तुमच्या रचनेत?"

"ती...? नाही, म्हणजे... शिखरावर तो एकटाच असतो ना. मोठं काही करायचं तर माणसाला एकटंच राहावं लागतं."

"एकटा? मग ते शिखर काय कोळशाने काढलं असतं?"

त्याचा चेहरा उतरला. कप खिडकीत ठेवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तालमीला आला नाही. तिसऱ्याही नाही. तिने स्वतःच्या जिभेला हजार शिव्या घातल्या.

"काय केलंस माझ्या संगीतकाराचं?" मामा खेकसला. "कार्यक्रम तोंडावर आलाय!"

तो उगवला तेव्हा दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले आणि हातात नवी पानं. शेवटाआधी एक नवा भाग होता. फक्त चेलो आणि पियानो. पियानोवर तो स्वतः.

"वरातीमागून घोडं!" मामाने पानं बाजूला सारली. "आता काही बदलायचं नाही."

"मामा, मी बसवते," ती पुढे झाली. "नाही बसलं, तर पुढच्या कार्यक्रमाला मला घेऊ नकोस."

मामाने भाचीकडे पाहिलं, मग त्या दाढीकडे, आणि चष्मा पुसायला घेतला. मामा चष्मा पुसायला लागला की होकार समजायचा.

मग सुरू झाली ओढाताण. ती धून खालच्या सुरांतली, उबदार, पण वाजवायला महाकठीण.

"हे बोटांसाठी लिहिलंय की पायांसाठी?" ती वैतागायची.

"तुला जमेल."

"कशावरून?"

"लिहिताना... तुझ्याच हातात ऐकू येत होतं."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. तिच्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. नवा भाग आला. तिने गज टेकवला आणि पहिला सूर लावला. डोंगर, बर्फ, घंटा सगळं मागे राहिलं. गोठत्या रात्री जागी असलेली एक बाई तेवढी उरली. पियानो तिच्यामागून जपून पावलं टाकत आला. ती वाजवत राहिली, आणि आपण कुणासाठी वाजवतोय हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. रचना संपली तेव्हा टाळ्या थांबेनात. मामाने तिला उभं केलं, आणि ओरडूनच त्यालाही.

लोक पांगल्यावर मंचावर दोघंच उरली.

"मी चुकलो होतो," तो म्हणाला. "एकटं राहून हा भाग मला सुचलाच नसता. त्या बाईचा चेहरा मी कधी पाहिला नाही... समोर तूच होतीस. सारखी." तो अडखळला. "मला तू आवडतेस. फार."

"उद्या घरी ये. हेच आईला सांग."

"उद्याच? त्या काय म्हणतील?"

"पोटापाण्याचं विचारतील. घाबरू नकोस, मी शेजारीच बसेन."

तो हसला. तारांनी लाल झालेली तिची बोटं त्याने अलगद हातात घेतली.

"दुखतायत?"

"खूप," ती म्हणाली, "पण सोडू नकोस."