शेवटची झडप

मंगळावरच्या साम्यनगरात हवा, पाणी, भाकरी सगळं सारखं वाटलं जाई, आणि वाटप 'नियोजक' हे यंत्र करी. माणसं शहाणी झाली की ते स्वतःहून बंद पडणार, असं संस्थापकांनी लिहून ठेवलं होतं. शहाणपण मोजायला परिपक्वतांक होता. तो शंभर झाला की झालं. एकतीस वर्षं तो चारावर ठाण मांडून होता.

तिसऱ्या घुमटाचा हवापंप बिघडला, तेव्हा पंप सांभाळणारी मालन घोरपडे थेट नियोजक-कक्षात घुसली.

"अकरा घरांना दोन दिवसांची हवा उरलीय. दुरुस्तीचा नंबर सहाव्या दिवशी? डोकं ठिकाणावर आहे का?"

"अर्ज कर," सचिव कॉम्रेड निवृत्ती तांदळे म्हणाले. माणूस वाईट नव्हता. यंत्र विझलेलं बघावं, एवढ्यासाठीच ते जगत होते. "सत्ता आधी हातात घ्यायची, मग ती विरून जाते. तुम्हा अराज्यवाद्यांना धीर नाही."

"हा अंक काढता कसा?"

"दिवसभरात नियोजकाला न विचारता निर्णय घेणारी माणसं. शेकडा."

"आणि न विचारता निर्णय घेणं?"

"गुन्हा."

"मग हे चार कोण?"

तांदळे चाचरले. "तान्ही मुलं. ती विचारत नाहीत."

मालनला हसावं की रडावं कळेना. तिने पाना उचलला आणि तिसऱ्या घुमटाकडे जाणारी नळी उघडली. जी घरं, जे कक्ष आपली झडप उघडतील, तेवढ्यांचीच हवा त्या नळीत येणार होती. "ज्याने त्याने ठरवा," एवढंच ती दारोदार सांगत फिरली.

तांदळ्यांनी तिच्या अटकेची परवानगी मागितली. नियोजकाने अर्ज नोंदवला, नंबर दिला सातव्या दिवसाचा.

अंक अठरा झाला. एकसष्ट. दुपारी नव्व्याण्णव. सगळ्यांनाच थोडी धाप लागत होती, पण अकरा घरांतली मुलं खेळत होती.

नियोजकाच्या पडद्यावर अक्षरं आली : 'एक झडप बंद. कक्ष क्रमांक एक.'

म्हणजे तांदळ्यांच्या खुर्चीमागचीच. सवयीने त्यांचं बोट 'परवानगी' या बटणाकडे गेलं. विचारलं असतं, तर अंक नव्व्याण्णवावरच राहिला असता. एकतीस वर्षं तो कोणी अडवला होता, हे त्यांना तेव्हा कळलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

ते उठले, झडपेशी झटू लागले. मागे पडदा विझला. तो बघायला त्यांना सवड नव्हती.

"उलटी फिरवताय," दारातून मालन म्हणाली.

"माझं मी बघतो!" तांदळे खेकसले.