बॅटरी काढलेली होती

खोटं वाटत असेल तर चाकूरला या.

तिथल्या सरकारी दवाखान्यात औषधं मिळतात, त्या खिडकीमागं मीच बसते. माझं नाव लुंबिनी. समोर उभं राहून विचारा. इथं लिहिते आहे त्यातला एक शब्दही बदलणार नाही.

या पेजवरच्या बहुतेक गोष्टी रात्रीच्या असतात. माझी भर दुपारची आहे. मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली. मंगळवार होता. ऊन असं की कुत्रीसुद्धा गाड्यांखाली पडून होती.

आणखी एक सांगते. आमचं बौद्ध कुटुंब. आजोबांच्या काळापासून आमच्या घरात भूत, अंगात येणं, लिंबू-मिरची यातलं काहीच चालत नाही. नवी गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्यांनी चाकाखाली लिंबू ठेवलं होतं. मी ते उचललं आणि सेल्समनच्या हातात दिलं. म्हटलं, "सरबत करून प्या."

तर अशी मी. आता ऐका.

मी राहते लातूरला. नवरा रविकांत नांदेडला नोकरीला, आठवड्याला येतो-जातो. मला रोज चाकूर गाठायचं, म्हणून गाडी घेतली. सव्वा वर्षात तिचा सेल्फ गेला. सेल्फ म्हणजे स्टार्टर. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला झटका देते ती मोटर. एके सकाळी किल्ली फिरवली आणि नुसतं 'टक्' झालं. बस.

गॅरंटी होती म्हणून वर्कशॉपवाल्यांनी तोंड वाकडं करून दुरुस्त करून दिला.

अकरा महिन्यांनी पुन्हा 'टक्'.

आता गॅरंटी संपून दोनच महिने झाले होते. खर्च सांगितला बावीस हजार. नवा सेल्फ टाकावा लागेल म्हणाले.

मी विचारलं, "नव्या गाडीचा सेल्फ दोन वर्षांत दोनदा कसा जातो?"

तिथला मॅनेजर रुद्रेश नावाचा. कॉम्प्युटरवरून मान वर न करता म्हणाला, "मॅडम, लेडीज लोक किल्ली फार वेळ धरून ठेवतात."

माझ्या मागं तिघं उभे होते. तिन्ही पुरुष. तिघांच्या गाड्या त्याच मॉडेलच्या, आणि तिघांचेही सेल्फच गेलेले. मी वळून त्यांना विचारलं, "तुम्हीपण लेडीज का हो?"

ते हसले. रुद्रेश हसला नाही.

जुना पार्ट मागितला तर म्हणाले, भंगारात गेला. पैसे भरले. ड्यूटी होती, दुसरं करणार काय? वर्कशॉपचं नाव इथं लिहीत नाही. एकाच मालकाची दोन आहेत, एक लातूरला, एक नांदेडला. एवढं पुरे.

हे झालं शुक्रवारी.

मंगळवारी दुपारी मी खिडकीत गोळ्या मोजत होते. गाडी आवारात, कडुलिंबाच्या झाडाखाली. लॉक केलेली. किल्ली माझ्या पर्समध्ये.

आणि बाहेरून आवाज आला...

घर्र... घर्र... घर्र... टक्.

कुणीतरी गाडी चालू करत होतं. होत नव्हती. पुन्हा करत होतं.

मी बाहेर धावले. आमचा वॉचमन नरसिंग झाडापासून दहा पावलांवर उभा होता. पुढं जायला तयार नव्हता.

"म्याडम, तुमचीच गाडी वाजून राहिली... पण आत कुनीच न्हाई."

मी काचेतून पाहिलं. खरंच कुणी नव्हतं.

घर्र... घर्र...

मग थांबलं. आणि आतून एक आवाज आला.

थप्!

चिडलेला माणूस स्टिअरिंगवर तळहात आपटतो ना... तसा.

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं.

वायरिंगमध्ये काहीतरी अडकलं असेल, असं मी नरसिंगला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. संध्याकाळी निघायला गाडीत बसले, तर माझा पाय क्लचपर्यंत पोचेना.

सीट मागं सरकलेली होती. पार शेवटपर्यंत.

माझी उंची पाच फूट. ती गाडी माझ्याशिवाय कुणी चालवत नाही.

बुधवारी, पुन्हा चार दहा. पुन्हा घर्र घर्र, पुन्हा ती थप्, पुन्हा सीट मागं. घाबरले होते, खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा राग जास्त होता. बावीस हजार मी भरलेले. माझ्या गाडीत मला न विचारता बसणारा तू कोण?

गुरुवारी रजा टाकली आणि गाडी गुरुपादप्पांकडं नेली. ते उदगीरचे, लातूरच्या रिंगरोडवर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे त्यांचं. चाळीस वर्षं हेच काम. मला 'अक्का' म्हणतात.

माझं ऐकून ते हसले. "अक्का, शॉर्ट असतंय. बॅटरीच काढून ठेवतो. मग बघू कसं फिरतंय ते."

त्यांनी दोन्ही वायरी सोडवल्या. बॅटरी उचलली आणि दुकानातल्या बाकावर नेऊन ठेवली. आम्ही चहा घेत बसलो. चार वाजले. चार पाच. चार नऊ...

घर्र...

गुरुपादप्पांच्या हातातला कप कलला. चहा पायावर सांडला, तरी त्यांना कळलं नाही.

घर्र... घर्र... टक्.

थप्!

"अक्का..." ते बाकावरच्या बॅटरीकडं बघत होते. "करंट न्हाई. मग फिरतंय कशावर?"

मी म्हटलं, "खोला. आत्ताच्या आत्ता."

"मी न्हाई हात लावणार."

"मग पाना द्या. मी खोलते."

मी खरंच पाना उचलला तेव्हा ते लाजून उठले. अर्ध्या तासात सेल्फ बाहेर आला. वरून काळा कुळकुळीत, नवाकोरा, वर वर्कशॉपची नंबराची पट्टी चिकटवलेली. पण गुरुपादप्पांनी नखानं खरवडलं आणि रंगाचा पापुद्रा निघाला. खाली गंज. त्यांनी पॉलिश पेपर मारला.

लोखंडावर खिळ्यानं कोरलेलं होतं...

'शेषेराव. भोकर. ३.'

"खूण हाय," ते हळूच म्हणाले. "वर्कशॉपमध्ये पार्ट बदलतील म्हणून लोक करतात अशी. तीन म्हणजे ह्याचा तिसरा सेल्फ असेल. अक्का, तुमाला नवा म्हणून कुणाचातरी जुना घातलाय."

मी तो सेल्फ खोक्यात घातला, सुतळीनं बांधला आणि शनिवारी नांदेडची एसटी धरली.

चार दहाला आम्ही लोह्याच्या जवळपास होतो. खोकं मांडीवर. मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

काहीच झालं नाही.

रविकांतनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "लुंबिनी, ऊन लागलंय तुला." पण रविवारी सकाळी मित्राची गाडी मागून घेऊन तोच मला भोकरला घेऊन गेला. आमच्या गाडीचं मॉडेल सांगून चौकात शेषेरावांचं घर विचारलं, तर दुसऱ्यांदा विचारलं त्या माणसानंच दाखवलं. दाखवताना मात्र म्हणाला, "शेषेराव तर गेले की हो जानेवारीत."

दार त्यांच्या बायकोनं उघडलं. गुणाबाई. पन्नाशीच्या, हळदीच्या शेतातून नुकत्याच आलेल्या. मी खोकं उघडून समोर ठेवलं. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. दोनदा.

"त्यांचंच अक्षर हाय. माझ्यासमोर कोरलं. म्हनले, आता बघू कसा बदलतेत."

मग त्यांनी सांगितलं. रडल्या नाहीत. शेषेरावांच्या गाडीचा सेल्फ दीड वर्षात दोनदा गेला. नांदेडच्या वर्कशॉपला त्यांनी चकरा मारल्या, भांडले, लेखी तक्रारी दिल्या. तिसरा बसवून महिना झाला होता. नांदेडहून परत येताना एका वळणावर गाडी बंद पडली, आणि पुन्हा चालू होईना.

"माझ्यासंगं फोनवर होते," गुणाबाई म्हणाल्या. "सेल्फ घेईना म्हनले. मला ऐकू येऊन राहिलं होतं... घर्र घर्र. मग हात आपटला त्यांनी. थप् करून. मी म्हनलं, खाली उतरा अन् बाजूला उभं राहा. तर म्हनले, एकदा बघतो अजून..."

मागून टिप्पर आला होता. वळणावर गाडी दिसली नाही त्याला.

मी विचारलं, "मावशी, किती वाजता?"

त्यांनी मोबाइल काढला. पाच महिने झाले तरी तो कॉल पुसला नव्हता. लागला तेव्हा चार सात. तीन मिनिटं चालला होता.

रविकांतनं मोबाइल हातात घेऊन ती वेळ स्वतः पाहिली. मला पुन्हा ऊन लागल्याचं म्हणाला नाही.

"ते उंच होते का?" मी विचारलं.

"लई. दारातून वाकून यावं लागायचं."

शेषेराव गेल्यावर गुणाबाईही त्या वर्कशॉपला चार वेळा गेल्या होत्या. टिप्परवाल्यावर केस करा, आमचा काय संबंध, असं सांगून त्यांना बाहेर घालवलं होतं. चुरा झालेली गाडी भंगारात गेली. तिथून तो सेल्फ कसा उचलला, रंगवला आणि माझ्या गाडीत कसा बसवला, ते त्या वर्कशॉपवाल्यांनाच ठाऊक.

त्या रात्री खोकं गुणाबाईंच्या घरी राहिलं. त्याआधी दुपारी चार दहाला आम्ही तिघं त्याच्याभोवती बसलो होतो. ते हललंसुद्धा नाही.

सोमवारी दुपारी आम्ही दोघी लातूरच्या वर्कशॉपमध्ये उभ्या होतो. मी रुद्रेशच्या टेबलावर सेल्फ ठेवला. शेजारी माझं बिल ठेवलं. 'नवा' हा शब्द पेनानं गोल केलेला.

"बाहेरच्या मेकॅनिकनं बदलला असेल," तो म्हणाला.

"बिलावर पार्टचा नंबर आहे. सेल्फवर चिकटवलेल्या पट्टीवर तोच आहे. पट्टी तुमची. खाली नाव या बाईंच्या मालकाचं. ते जानेवारीत वारले, याच सेल्फनं दगा दिला म्हणून."

"मॅडम, आवाज कमी. कस्टमर बसलेत."

"बसू द्या. त्यांच्याच गाड्यांचं चाललंय."

हॉलमधले चार-पाच जण उठून जवळ आले. रुद्रेशनं शिपायाला हाक मारली, "यांना बाहेर..."

त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

घर्र...

टेबलावर. ना वायर, ना बॅटरी. काचेवर ठेवलेलं नुसतं लोखंड... आणि त्याची पुढची दातेरी चकती फिरत होती.

घर्र... घर्र...

पाण्याचा ग्लास सरकत सरकत कडेला गेला आणि खाली फुटला. जवळ आलेले लोक मागं सरकले. रुद्रेशचे ओठ पांढरे पडले होते.

टक्.

थप्!

टेबलाच्या काचेला तडा गेला. आरपार.

पुन्हा घर्र सुरू झालं. थांबेना. तेव्हा गुणाबाई पुढं झाल्या. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी सोडवून घेतला. फिरत्या लोखंडावर सरळ तळहात ठेवला.

"बास करा," त्या म्हणाल्या. आवाज अगदी मऊ. "मी आलेय ना."

थांबलं.

मग पदरानं हात पुसून त्या रुद्रेशकडं वळल्या. या वेळी आवाज मऊ नव्हता.

"हां. आता बोला."

त्यानं लिहून दिलं. जुना पार्ट रंगवून नवा म्हणून लावला, हे स्वतःच्या अक्षरात, सहीशिक्क्यासकट. आम्ही ग्राहक आयोगात गेलो. त्या दिवशी हॉलमध्ये असलेले लोक आमच्यासोबत आले. आज एकोणीस जण आहोत, लातूर आणि नांदेड मिळून. सगळ्यांची एकच गाडी, सगळ्यांचं एकच दुखणं. तडजोडीचा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा नाही म्हटलं.

सेल्फ वकिलांच्या कपाटात आहे. पुन्हा फिरला नाही म्हणतात. मी विचारायला जात नाही.

आम्ही वर्कशॉपचं कॅमेऱ्यातलं चित्रण मागितलं होतं. ते दिलं त्यांनी. सोमवारचा पूर्ण दिवस आहे त्यात. फक्त चार पाच ते चार पंधरा, एवढी दहा मिनिटं नाहीत. कॅमेरा बंद पडला होता म्हणे. त्यांनीच पुसलं, की खरंच काही उमटलं नाही... दोन्हीपैकी कशाला जास्त घाबरावं, मला ठरवता आलेलं नाही.

मी भूत मानत नाही. आजही नाही. जे पाहिलं त्याला काय म्हणायचं, तो शब्द माझ्याकडं नाही एवढंच. गाडी विका, असं माहेरच्यांनी सांगून पाहिलं. विकली नाही. दुसरा सेल्फ बसवला आणि त्याच गाडीनं चाकूरला जाते. किल्लीपाशी हात क्षणभर अडखळतो. मग फिरवते.

परवा तारीख आहे. गुणाबाई भोकरहून येतील. मी त्यांना स्टँडवर घ्यायला जाणार आहे. काल फोनवर म्हटलं, "मावशी, माझ्या गाडीत बसायची भीती नाही ना वाटणार?"

"छे," त्या म्हणाल्या. "पन मी मागं बसते बाई. पुढची सीट मोकळी असू द्या."

आज सकाळी मी ती सीट पार शेवटपर्यंत मागं सरकवून ठेवली.