राहेलनं शिवून घेतलेलं म्यान

म्यान राहेलनं शिरूरच्या स्टँडसमोर चपला शिवणाऱ्याकडून मुद्दाम करून घेतलं होतं. जाड चामडं, दुहेरी शिवण, वर दाबायचं बटण. चाकू पुसायचा, म्यानात घालायचा, बटण लावायचं, म्यान टॉवेलात गुंडाळून सॅकच्या मधोमध ठेवायचं, पातं खाली. रविवारच्या शाळेत पोरांकडून वचन पाठ करून घेतात तसं तिनं हे एबनेझरकडून, म्हणजे नवऱ्याकडून, पाठ करून घेतलं होतं.

पाठ होतं, पण ऐकतो कोण! रांजणगावच्या कंपनीत प्रेस मशीनवर नियम सोडून बोट न हलवणारा हा माणूस, सुट्टीच्या गुरुवारी पायी भटकायला निघाला की उघडा चाकू कमरेच्या पट्ट्यात खोचायचा. मागच्या वर्षी ओढ्यात घसरला आणि टोक मांडीत गेलं. मोठी रक्तवाहिनी दोन बोटांनी वाचली. राहेल त्याच कंपनीत नर्स. रोज दुसऱ्यांच्या जखमा बांधणारी ती, जीप येईपर्यंत पाऊण तास नवऱ्याची मांडी ओढणीनं दाबून बसली होती. ते रक्त तिला अजून नखांत दिसायचं. पुढच्या वेळी आपले हात पुरणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत दोघं घोड नदीच्या काठानं चालायला इनामगावला आले. मोटरसायकल हरिबांच्या खोपीशी लावली. हरिबा म्हातारे; तरुणपणी पुराणवस्तूवाल्या साहेबांच्या हाताखाली इथल्या टेकाडावर खणायला होते. त्यांची नजर एबनेझरच्या कमरेवर गेली.

"त्यो चाकू आसा उघडा न्हेताय व्हय?"

"हेच वर्षभर सांगतेय, आबा," राहेल म्हणाली.

"आमी खणायचो तवा जुनी मानसं निघायची. घराच्या जमिनीखाली पुरल्याली. पाय घोट्यापासनं तोडल्यालं. साहेब म्हनायचे, उठून चालू नये म्हनून आसंल." हरिबांनी तंबाखू थुंकली. "सांजच्याला समदी हत्यारं वर आनायचो आमी. एक खुरपं बी मातीत ठिवायचं न्हाई."

एबनेझर हसला. "का, चोरीला जायची?"

"न्हाई," हरिबा म्हणाले. "चोरीला न्हाई जायची."

आणि ते शेळीला पाला घालायला उठले.

राहेलनं चाकू काढून घेतला, म्यानात घातला, बटण लावलं, सॅक त्याच्या पाठीवर दिली. तासभर सगळं ठीक होतं. टेकाडावर माती मऊ होती, पायाखाली खापरं करकरत होती. ऊन चढलेलं, तरी कुठं एक पाखरू ओरडत नव्हतं. पाणी प्यायला ती वळली, तर एबनेझर बाभळीची काठी तासत होता. काठी झाली आणि चाकू पुन्हा पट्ट्यात गेला, अगदी सहज.

राहेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी मरू का तुमच्या काळजीनं? परत तेच!"

"अगं, दोन मिनिटं फक्त..."

"त्या दोन मिनिटांतच मांडी फाटली होती तुमची!"

तिनं चाकू त्याच्या कमरेतून उपसला आणि मुठीपर्यंत मातीत खुपसला. "राहू दे इथंच! हवाच कशाला तो!"

"राहू दे," तो फणकारला. सॅक तिच्या पायाशी टाकून तो नदीकडं उतरू लागला. डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी.

राहेलनं रिकाम्या म्यानाचं बटण लावलं, ते सॅकमध्ये कोंबलं, सॅक पाठीवर घेतली आणि निघाली. वीस पावलांवर तिला हरिबांचं बोलणं आठवलं. पण मागं फिरायचं म्हणजे हार मानायची. ती आणखी शंभर पावलं रागातच चालली आणि मग फिरली.

मातीत पात्याएवढी चीर होती. चाकू नव्हता.

"उचललात ना चाकू?" ती ओरडली.

खाली वेड्या बाभळींच्या वर पांढरी टोपी पुढं सरकत होती. टोपी वळली नाही. "कुठला चाकू?"

खोटं बोलतोय! तोंडावरच विचारायचं म्हणून ती धावत उतरली. सॅक पाठीला लागत होती, मघापेक्षा जड. वाळूशी पोचून तिनं ती उघडली.

मधोमध टॉवेल होता, नीट गुंडाळलेला. आत म्यान, बटण लागलेलं. म्यानात चाकू, पातं खाली. स्वच्छ पुसलेला.

अगदी तिनं शिकवलं होतं तसं.

वाळूत एबनेझरच्या बुटांचे ठसे पाण्याकडं गेले होते. पंधरा-वीस पावलं. मग बूट होते, शेजारी शेजारी ठेवलेले, नाड्या बांधलेल्या.

तिनं आत पाहिलं नाही.

बुटांच्या पुढं गोल खळगे होते. मातीच्या लोटक्याच्या बुडाएवढे, एकापुढं एक, त्याच्याच ढांगेचे.

दूर पांढरी टोपी चालत होती. नेहमीपेक्षा चार बोटं खाली.

मग टोपी थांबली.

"राहेल," तो मऊ आवाजात म्हणाला, "चाकू नीट ठेवलास ना?"

वर्षभरात त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं होतं.