सगुणेचा हुंकार

या, जरा पुढे सरका. एक गोष्ट सांगतो. अधूनमधून ‘हं’ म्हणत राहा, म्हणजे कुणीतरी ऐकतंय एवढं मला कळेल.

गोष्ट १९९९ सालची. तारखात्यातून निवृत्त झाल्यावर मी ठाकुर्लीच्या घरी कॉम्प्युटर घेतला, तो केवळ हरिहरबुवांच्या कीर्तनासाठी. बुवांच्या घशाचं ऑपरेशन ठरलेलं, नंतर आवाज राहील याची खात्री डॉक्टर देईनात. म्हणून आमच्याच खोलीत, पंखा बंद करून, शेजारणीला कुकर लावू नका म्हणून विनवून, गजेंद्रमोक्षाचं आख्यान रेकॉर्ड केलं.

बुवांची अट एकच. हुंकार द्यायला बाळकुमची सगुणा हवी. खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातली ही म्हातारी तीस वर्षं त्यांच्या कीर्तनात पहिल्या रांगेत बसायची. वाक्य संपलं की हिचं ‘हं… मंग?’ लोक हसायचे.

बुवा म्हणायचे, “सगुणे, तू थांबलीस तर माझा देव वाटेतच उभा राहील गं!”

“ऱ्हाऊ दे उभा. माजी म्हावऱ्याची पाटी तरी उचलंल!”

रेकॉर्डिंग आटोपून निघताना तिनं माझा हात धरला. तळवा खरखरीत, थंड.

“दादूस, माजा आवाज काढू नको हां. मोरू माजा मस्कतला हाय, सा वर्सां झाली. त्याला ही सीडी धाडायची. आय जिती हाय, येवढं तरी कलंल.”

मी ‘हो’ म्हणालो. देव्हाऱ्यासमोर.

मग ऐकायला बसलो. बुवांचा आवाज साजूक तुपासारखा, आणि प्रत्येक वाक्यामागे ते घोगरं ‘हं’. माईक नेमका तिच्याजवळ राहिला होता. प्रसादात खडा लागावा तसं झालं मला. एक हुंकार काढून पाहिला. पडद्यावरच्या आवाजाच्या लाटेतला तेवढा उंचवटा निवडायचा, कापायचा, दोन्ही टोकं जोडायची. आठ दिवस पूजा आटोपून मी तेच करत होतो. दोनशे चौदा हुंकार. बासष्ट मिनिटांचं आख्यान पन्नासावर आलं. देवाची सेवा घडली असंच वाटत होतं.

त्याच आठवड्यात, ऑपरेशनच्या आधीच, बुवा गेले. दहाव्याला सगुणा आली होती. तोंड उघडायची, ओठ हलायचे, आवाज नाही.

“चला, आता कीर्तनात शांतता,” कुणीतरी म्हणालं. हसणाऱ्यांत मीही होतो.

सीडी लिहायचं यंत्र डोंबिवलीत कॉम्प्युटरवाल्या महिपतकडे होतं. “काका, लिहिताना माऊसला हात नाय लावायचा. आणि एकदा लिहिली की खल्लास, पुसता येत नाय.”

सीडी बाहेर आली ती कोमट. महिपतनं पडद्याकडे पाहिलं. “पन्नास म्हणालेलात ना? ही तर बासष्ट दाखवतेय.”

घरी लावली. बुवा एक वाक्य बोलले आणि थांबले. मग दुसरं, पुन्हा थांबले. मी जिथे जिथे कापून जोडलं होतं, तिथे तिथे. कॉम्प्युटरमधलं रेकॉर्डिंग तपासलं, ते पन्नासच होतं. सीडी पुन्हा लावली. थांबे आणखी लांबले होते.

सगुणेनं अन्न सोडलं तेव्हा मोरू मस्कतहून आला. मला त्यानं बोलावून घेतलं.

“काका, ह्यात आयचा आवाज हाय ना?”

मी सीडीची डबी त्याच्या हातात दिली.

सगुणा चटईवर होती. मोरूनं सीडी लावली.

‘मगरीनं पाय धरला,’ बुवा म्हणाले. थांबले.

सगुणेनं तोंड उघडलं. नुसता श्वास.

बराच वेळ गेला. ‘पाणी गळ्याशी आलं.’

ती कोपरावर उठली. मानेच्या शिरा तटतटल्या.

‘सोंड तेवढी वर राहिली.’

सीडी प्लेअरवरचे सेकंद चालत होते. बुवा बोलेनात. सगुणेचे डोळे माझ्याकडे वळले.

मला राहवेना. मीच ‘हं’ म्हणालो.

‘तू नव्हे,’ सीडीतून बुवा म्हणाले.

सगुणा पुन्हा आडवी झाली. छातीची हालचाल थांबली होती.

“आयचा आवाज कुठं हाय, काका?” मोरू विचारत राहिला.

सीडी माझ्या देव्हाऱ्यात आहे. लावली की आख्यान अजून तिथेच अडतं. कान दिला तर पाणी चढत असल्याचा आवाज येतो.

बाळकुमची सगुणा, मोरूची आई. एवढी लक्षात ठेवा, आणि दिवेलागणीला तिच्या नावानं एकदा ‘हं’ म्हणा. मी म्हटलेलं चालत नाही.