मागून येणारी उत्तरं

मध्यंतर व्हायला थोडाच वेळ होता, म्हणून फिजिओबाई बर्फाची पेटी आणायला निघाल्या होत्या. मुलींच्या फुटबॉलमध्ये बर्फ लागायचाच. कधी घोट्याला, कधी गुडघ्याला, आणि प्रशिक्षक सरांच्या तापलेल्या डोक्याला लावता आला असता तर रोजच. बाई या संघात नव्या. हंगाम सुरू झाला तेव्हा आल्या, आणि मुली अजून त्यांना पुरतं आपलं मानत नव्हत्या. त्या खोलीत शिरल्या की कुजबुज थांबायची.

पेटी उचलली तोच मैदानावरून आवाज आला. फळीवर फळी आपटावी तसा. बाई पेटी तिथेच टाकून धावल्या.

पडली होती ती मुंगी. संघातली सगळ्यात लहान चणीची, एका जागी क्षणभर न टिकणारी, म्हणून मुंगी. उंच चेंडूसाठी तिने उडी मारली आणि समोरच्या संघातल्या एका धिप्पाड मुलीचं डोकं तिच्या कानशिलावर आदळलं. बाई पोचेपर्यंत ती उठून बसली होती, आणि हसत होती. बाईंना ते हसू काही आवडलं नाही.

डोक्याला मार बसला की बाई ठरलेले प्रश्न विचारत. कुठे आहोत आपण? कितवा भाग चाललाय? शेवटचा गोल कोणी केला? प्रश्न साधे, पण मेंदूला हिसका बसला असेल तर माणूस नेमकं तिथेच अडखळतं. मुलींच्या बाबतीत बाई जरा जास्तच सावध असायच्या. मान बारीक असते, हिसका थेट आत पोचतो. आणि नंतर चक्कर आली, प्रकाश सोसेनासा झाला, उगाच रडू येऊ लागलं, तर घरचेदारचे म्हणतात की बायकांचं असंच असतं, झोपली की होईल बरी.

मुंगीने सगळी उत्तरं बरोबर दिली. फक्त प्रत्येक उत्तराआधी तिची मान किंचित मागे कलली, कोणाला तरी कान द्यावा तशी.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुंगीच्या मागे सगळा संघ घोळका करून उभा होता, आणि त्यात सगळ्यात जवळ कॅप्टन. ही चलाखी बाईंना ठाऊक होती. एकीला मार बसला की दुसरीने मागे उभं राहून हळूच उत्तरं सांगायची, म्हणजे मैत्रिणीची जागा जात नाही. मुलींना वाटतं, हीच खरी मैत्री. आज तर निवड समितीची माणसं येऊन बसली होती, आणि मुंगी या दिवसासाठी हंगामभर झुरत होती.

"लांब व्हा सगळ्या," बाई म्हणाल्या.

"आम्ही काय केलं, बाई?" कॅप्टनने हात वर केले. बाकीच्या ताकास तूर लागू देईनात.

तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी झाली. एक-एक अशी बरोबरी होती. बाईंनी मुंगीचा दंड धरला आणि तिला सामानाच्या खोलीत नेलं.

खोली म्हणजे स्टँडखालची एक कोंदट फट. ओले मोजे, रबर आणि मलम यांचा मिळून एक आंबट वास. दार बुटकं. तिथे सरसुद्धा वाकायचे, आणि आयुष्यात तेवढंच वाकायचे, असं मुली म्हणायच्या. खिडकी नव्हती. बाईंनी दार लावून घेतलं आणि मुंगीला बाकावर बसवलं, पाठ अगदी भिंतीला टेकवून. आता बघू कोण सांगतंय उत्तरं, असं त्या मनाशी म्हणाल्या.

"मागची मॅच कोणाशी झाली?"

मान कलली. मागे भिंत, तरी कलली. उत्तर बरोबर आलं.

"मुंगे, कानात काही घातलंयस का?"

"नाही, बाई."

बाईंनी दोन्ही कान तपासले, केसांत बोटं घालून पाहिलं. काही नव्हतं. एका डोळ्याची बाहुली मात्र दुसरीपेक्षा मोठी वाटत होती, की दिव्याचा दोष होता, कोण जाणे. म्हणजे उत्तरं पोरगी पाठ करून आली होती. बाईंनी बुटांच्या खिळ्यांच्या डब्यात न बघताच हात घातला, मूठभर खिळे उचलले आणि मूठ स्वतःच्या पाठीमागे नेली. किती आले ते त्यांनाही माहीत नव्हतं.

"हातात किती आहेत?"

या वेळी मान कलली नाही. मुंगीची नजर सरळ वर आली, बाईंच्या खांद्यावरून त्यांच्या मागे गेली आणि तिथेच थांबली.

"पाच," ती म्हणाली.

बाईंनी मूठ पुढे घेतली. उघडली. पाचच होते.

मागे वळून बघायचा त्यांना धीर होईना. पाठीशी दार होतं, आणि दार बंद होतं.

"कोण... कोण सांगतंय तुला?"

"कीपर सांगते ना." मुंगीची जीभ जड झाली होती. "ती कुजबुजली की माझ्या तोंडातून आपोआप निघतं. हिरव्या हातमोज्यांवाली."

आजच्या कीपरचे हातमोजे काळे होते.

दारावर टकटक झाली. बाई दचकून भिंतीला चिकटल्या. कॅप्टन आत आली आणि म्हणाली, "सर विचारतायत, मुंगीला सोडताय ना?"

"हिरवे हातमोजे कोण घालतं?" बाईंनी विचारलं.

कॅप्टनचा चेहरा उतरला.

"आमची आधीची कीपर," ती म्हणाली. "दोन हंगामांपूर्वी तिला गोलपोस्टचा खांब लागला होता डोक्याला. तिला काही आठवत नव्हतं, बाई. उत्तरं मी सांगितली. तिला परत खेळू दिलं. मग दुसऱ्यांदा लागलं, अगदी थोडंसं... आणि ती उठलीच नाही." तिने डोळे पुसले. "तेव्हापासून कोणी कोणाला उत्तरं सांगत नाही. शप्पथ. कोणाची छातीच होत नाही."

बाई मुंगीसमोर गुडघ्यावर बसल्या. बोलायचं मुंगीशी नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

"खरं सांग. हिला खेळू देऊ?"

मुंगीचे ओठ हलायला जरा वेळ लागला.

"द्या ना..." ती म्हणाली. "मलाही दिलं होतं."

कॅप्टनने तोंडावर हात दाबून धरला.

त्यानंतर बाईंनी काहीच ऐकून घेतलं नाही. मुंगीला काखेत धरून त्या ओढतच बाहेर निघाल्या, आणि घाईत त्या बुटक्या दाराची चौकट त्यांच्या कपाळावर अशी बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण थांबतंय कोण. बाहेर सर आडवे आले. "अहो, चांगली चालतेय की पोरगी. तुम्ही बायका राईचा पर्वत करता."

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या. सर बाजूला झाले.

रुग्णालयात पोचेपर्यंत मुंगी दोनदा ओकली आणि बेशुद्ध झाली. तपासणीत डोक्याच्या आत रक्त साकळलेलं निघालं. अजून थोडा उशीर झाला असता, किंवा अजून एक टप्पल लागली असती, तर काही करता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाल्या. संध्याकाळी मुंगी शुद्धीवर आली. डॉक्टरांनी विचारलं, वार कोणता? मुंगीला सांगता येईना. शहर कोणतं? येईना. समोर उभ्या आईलाही तिने ओळखलं नाही. आई रडू लागली, आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या बाईंना मात्र इतकं हायसं वाटलं की त्यांनाही रडू फुटलं. पोरीला कोणी काही सांगत नव्हतं. मुंगी एकटी होती, आणि वाचणार होती.

"हे हळूहळू परत येईल," डॉक्टर आईला म्हणाल्या, आणि मग बाईंकडे वळल्या. "तुमच्या कपाळाला केवढं टेंगूळ आलंय. बघू. आज वार कोणता?"

बाईंनी वार सांगितला. चटकन.

"या रुग्णालयाचं नाव?"

तेही सांगितलं. येताना पाटी वाचल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"छान. आणि तुमची मॅच कोण जिंकलं?" डॉक्टर हसत म्हणाल्या.

"आम्हीच. दोन-एक. अगदी शेवटी, कॉर्नरवरून."

खिशात फोन थरथरला. कॅप्टनचा निरोप होता. जिंकलो, बाई, दोन-एक, शेवटच्या कॉर्नरवर गोल झाला, मुंगी कशी आहे?

बाईंनी खुर्ची मागे सरकवली, पाठ भिंतीला घट्ट दाबली, मध्ये कागदही शिरणार नाही इतकी. पलंगावरची मुंगी, जिला सख्खी आई परकी झाली होती, ती त्यांच्या खांद्यावरून मागे बघत ओळखीचं हसत होती.

"डॉक्टर, मला..." बाईंनी तोंड उघडलं.

"काय होतंय? डोकं दुखतंय का?"

डोकं फुटेल असं दुखत होतं. दिव्याकडे बघवत नव्हतं, डॉक्टरांचे दोन चेहरे दिसत होते. ते सगळं सांगायला हवं होतं, आत्ताच, आणि बाई सांगणारच होत्या.

"नाही हो," त्यांच्या तोंडून निघालं. "अजिबात नाही."

"मग जा घरी," डॉक्टर म्हणाल्या. "आणि छान झोपा."