त्रिनिदाद ते ला पाझ : दीड तास

बेनीच्या सखल कुरणांतल्या त्रिनिदाद गावाहून वर डोंगरातल्या ला पाझ शहराला मांस आणणारं आमचं जुनं पंख्याचं विमान दीड तास घेतं. चारशे किलोमीटर. सकाळी साडेसातला उडालं की नऊला ला पाझच्या माथ्यावरच्या एल आल्तोच्या धावपट्टीवर. पहाटे खाली कुरणात कापलेला बैल इथं वर माझ्या ट्रकमध्ये चढतो, तेव्हा हाडाजवळ अजून कोमट लागतो. बावीस वर्षं हाच धंदा करतेय मी. मला कुणी वेळ शिकवू नये.

म्हणून त्या मंगळवारी मांस काळं पडून वाळलेलं निघालं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. विमान माझा धाकटा भाऊ निकानोर चालवतो, एकटाच.

“कुठं उतरला होतास रे?”

“कुठं उतरणार, ताई? डोंगरात? सरळ आलोय. दीड तास.”

“दीड तासात मांसाचं चार्के होतं का? ते वाळवायला आठवडा लागतो उन्हात!”

“मग बैल म्हातारा असेल.”

असा उलट बोलतो मेला! मी तरातरा धावपट्टीवरच्या रेडिओवाल्या सेनोनकडे गेले. त्याच्या वहीत साडेसात ते नऊ. टाकीतलं इंधनही दीड तासाचंच जळलेलं.

पुढच्या खेपेला निकानोर उतरला तो बोटभर दाढी घेऊन. त्याच्या बायकोनं फोनवर शपथ घेतली, सकाळी गुळगुळीत दाढी करून निघाला होता म्हणून. मग नखं वाढलेली दिसली. मग पट्टा दोन भोकं आत गेला. महिन्याभरात कानशिलं पांढरी झाली. अरे, एकोणतीस वर्षांचं पोर ते! आई गेल्यावर मीच वाढवलं त्याला. माझ्या डोळ्यांदेखत झिजत चालला होता, आणि विचारावं तर एकच पालुपद.

“ट्रकनं ये,” मी म्हटलं. “लागू देत दोन दिवस.”

“दीड तासाच्या कामाला दोन दिवस? वेड लागलंय का तुला, ताई?”

वैताग नुसता! शेवटी मीच ट्रकनं खाली त्रिनिदादला गेले आणि दुसऱ्या सकाळी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

“आता बघतेच,” मी म्हटलं.

घड्याळ मुठीत धरलं. ठरवलं होतं, वाटेत तोंडातून शब्द काढायचा नाही, डोळा मिटायचा नाही.

कुरणं सरली. ढग आले. मग बर्फाचे डोंगर. निकानोर समोर बघत होता, मी एकदा त्याच्याकडे, एकदा काट्याकडे.

काहीच झालं नाही.

नऊला चाकं टेकली.

इंजिन बंद करून तो माझ्याकडे वळला. डोकं पार पांढरं झालं होतं. कधी? मी तर बघतच होते!

“बरं झालं आलीस, ताई,” तो म्हणाला. “एकट्याला फार जड जायचं गं. तू बोलत होतीस म्हणून दिवस सरले. आईच्या शेवटच्या रात्रीचं तेवढं मला आधी सांगायला हवं होतंस.”

ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

“काय बरळतोस?” म्हणून मी ओरडायला गेले. आवाजच फुटेना. घसा पार बसला होता, कित्येक दिवस अखंड बोलल्यासारखा.