मोटरीतली अंगाई

सासऱ्यांचे कान दाखवायला सोनम त्यांना अंथुर्ण्याहून बारामतीला घेऊन गेली होती. म्हस्कूआबांना कमी ऐकू यायचं, पण खरं दुखणं ते नव्हतं. विहिरीवरची मोटर चालू झाली, की त्यांना तिच्या आवाजात म्हाळसा गाताना ऐकू यायची. म्हाळसा म्हणजे त्यांची बायको. ती जाऊन कैक वर्षं लोटली होती.

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. कानाला कमी ऐकू आलं की उरलेलं मेंदू भरून काढतो. एकसुरी आवाजात तो ओळखीची चाल शोधतो, ओळखीची नावंसुद्धा."

सोनमच्या जिवात जीव आला. घरी आल्यावर लेकीला, छकुलीला, आबांपाशी ठेवून ती डाळिंबांना पाणी द्यायला विहिरीवर गेली.

मोटर सुरू झाली. वारा पडला होता. विहिरीतून शेवाळाचा कुबट वास येत होता. घूं... घूं... थोड्या वेळानं त्या घुमण्याला हेलकावे आले, हेलकाव्यांची चाल झाली. 'मेंदूच हा,' ती मनाशी म्हणाली. मग शब्द आले.

"पाण्याचा पाळणा, शेवाळाचा दोर... एकली निजंना माझी पोर..."

ही अंगाई तिनं जन्मात ऐकली नव्हती.

"ये गं छकुले..."

तिनं झडप घालून स्टार्टरचं बटण दाबलं. मोटर थांबली. आणि त्या शांततेत, खाली पाण्यातून, ओळ सावकाश पुरी झाली.

"...सोबतीला."

सोनम धावत सुटली. आबा ओट्यावर बसले होते. त्यांच्या कानाला तोंड लावून तिनं ती अंगाई म्हटली. म्हातारा पांढराफटक पडला.

"तुला... कुनी सांगितली?"

"आबा, कुनासाठी गायच्या त्या?"

"आमच्या थोरलीसाठी. हिरीत पडली ती. म्हाळसानं तिच्यामागं उडी घातली... दोगीबी जित्त्या वर आल्या न्हाईत."

"छकुली कुठं हाय?"

"आत हाय. कवाधरनं खेळतीया..."

आतल्या खोलीत छकुली सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली होती. त्याच हेलकाव्यावर जमिनीवर तळवा आपटत होती. मधेच थांबायची, समोर बघायची, मग पुन्हा आपटायची. सोनमनं तिला उचलून छातीशी धरलं. पोरीचे हात कोरडे ठणठणीत होते.

छकुली बसली होती, त्या जागेच्या समोर जमिनीवर ओल्या पंजांचे ठसे होते. इवलेसे. बोटं छकुलीकडं वळलेली.